देठ जुळवता जुळवता

जलरंगात काढल्यासारखी मोठाली पानं, मधूनच फिकट गुलाबी फुलं, कुठे तर ब्रश कोरडा पडल्याच्या रेघासुद्धा. पडद्याच्या कापडाच्या वीतभर नमुन्यावर मी भाळले. पण वीतभर तुकड्यात एखादं पान दिसतं, अख्खं चित्र नाही.

माप मीच घेतलं. दांडी ८ फूट, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ५४ इंच. चुण्या भरघोस पडायच्या तर चार पन्हे, म्हणजे पूर्ण रुंदीचे चार तुकडे, शेजारी-शेजारी हवेत. उंची ८४ इंच. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून खालची दुमड जरा जास्त धरून वर-खाली मिळून १० इंच. ९४ चोक ३७६ इंच. पुरून उरेल म्हणून १० मीटर मागवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

टेलरकाकांनी कापड जमिनीवर पसरलं, टेप लावला आणि विचारलं, "चित्र किती इंचांनी परत येतं, पाहिलंत का?"

३६ इंचांनी. म्हणजे जोडावर चित्र जुळायला हवं तर पुढचा पन्हा ९४ वर नाही, ३६ च्या पटीत, १०८ वर सुरू करायचा. मधले १४ इंच कातरणात. तीन पन्हे निघाले, चौथ्याला जेमतेम ७० इंच उरले. "न जुळवताच शिवलं तर?" काकांनी दोन काठ शेजारी ठेवून दाखवलं. रंगाचे ओघळ कुठेही संपले तरी खपून जातात. पण देठ मध्येच तुटून चार बोटं खाली पुन्हा उगवला, की नजर नेमकी तिथेच जाते.

मग आणखी साडेतीन मीटर मागवलं. एका पन्ह्यासाठी एवढं, कारण नवा तुकडा चित्राच्या कुठल्या भागापासून कापून येईल याचा नेम नाही. आला तो वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या खेपेला छापलेला. कापडाच्या काठावर छपाईत वापरलेल्या रंगांचे ठिपके असतात. दोन्ही काठ शेजारी धरले तर एकच हिरवा ठिपका पिवळट. तो पन्हा भिंतीकडच्या टोकाला लावला. दुपारी ओळखू येत नाही. रात्री दिव्यात मला दिसतो, बाकी कुणाला नाही.

अस्तराचा खर्च वाचवायचा माझा बेत होता. एका सकाळी नुसतं कापड खिडकीत धरून पाहिलं. मागून ऊन आलं आणि चित्रच विरलं! पानांच्या जागी करडे डाग, आणि मधोमध शिवणीची काळी रेघ. मुकाट्याने पांढरं अस्तर लावून घेतलं. छपाईला थेट ऊन लागून रंग उडतो, तेही त्याने टळलं.

उरलेल्या ७० इंचांत उशांचे अभ्रे झाले. अख्खं फूल आता फक्त त्यांच्यावरच दिसतं. पडद्यावरच्या फुलांच्या निम्म्या पाकळ्या चुण्यांत मिटलेल्या असतात.