नानकटाई, घाणा ६: वाटीभर तुपाचं वजन अखेर सापडलं

पाचवा घाणाही पसरला. मागच्या नोंदीत ठरलं तसं ओव्हन १६० वर ठेवलं, गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले, तरी ट्रेवर सगळ्यांची मिळून एकच चपटी पोळी. म्हणजे दोष तापमानाचा नव्हे, वजनांचा.

जुनी कृती अशी: दोन वाट्या मैदा, फेसलेलं तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला, काठोकाठ पाणी भरलं: १५० ग्रॅम, म्हणजेच १५० मिली. इथवर चोख. घोळ झाला तो वाटीचे ग्रॅम करायचा तयार तक्ता लावताना. तक्त्यात मैदा चमच्याने अलगद भरलेला असतो, वाटीला ७८ ग्रॅम. आणि तूप पातळ केलेलं, वाटीला १३६. म्हणजे १५६ ग्रॅम मैद्याला १३६ ग्रॅम तूप, ८७ टक्के! एवढ्या तुपात नानकटाई उभी राहणं शक्यच नाही.

या वेळी वाटी थेट मैद्याच्या डब्यात बुडवली, सुरीच्या पाठीने शीग उतरवली. पाच वेळा भरली: ८८ ते ९३, सरासरी ९०. तुपाने मात्र फार छळलं. थिजलेलं रवाळ तूप चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात. १२० ते १३०, दर खेपेला आकडा वेगळा. गुपित शब्दांच्या क्रमात होतं. ‘एक वाटी तूप, फेसून’ वेगळं आणि ‘फेसलेलं तूप एक वाटी’ वेगळं. आधी पांढरं होईपर्यंत फेसून मग वाटी भरली, तर हवेमुळे वजन १०५ वर आलं. १८० ग्रॅम मैद्याला १०५ ग्रॅम तूप, ५८ टक्के. सहावा घाणा छान फुगीर, वर बारीक तडे, कडा जागच्या जागी. काय सुरेख दिसतात!

साखरेलाही हाच नियम. ‘एक वाटी साखर, दळून’ म्हणजे १२६ ग्रॅम. ‘एक वाटी पिठीसाखर’ म्हणजे ताजी दळलेली ७५, डब्यात दबलेली ८५-९०. इथे ७५ धरली.

बेकिंग पावडर एकेक ग्रॅमच दाखवणाऱ्या काट्यावर मोजू नका, इतक्या कमी वजनाला तो भरवशाचा नाही. दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागा. मापाचे कप घ्यायचे तर स्टीलचेच, आणि तेही पाण्याने तपासून. कुठे कप २४० मिलीचा, कुठे २५०. ऑनलाइन मागवलेल्या एका प्लास्टिकच्या संचातला कप तर २२८ च भरला.

पुढे मावा केक ठरला होता, पण तो थांबवून आधी रवा केक. बारीक रवा भरताना वाटी ओट्यावर दोनदा आपटली की तो खाली बसतो आणि वर आणखी चमचाभर मावतो. म्हणून माझ्या स्वतःच्या तक्त्यात आता प्रत्येक जिन्नसापुढे तीन रकाने: अलगद, बुडवून, आपटून.