जोखमीची प्रश्नावली आणि समृद्धीचा मोबदला

जालन्यातील एका बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागात मी शिकाऊ उमेदवार म्हणून काम करतो. म्युच्युअल फंड विकण्यासाठी एनआयएसएम या रोखे बाजाराचे प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तोपर्यंत केवायसीची कागदपत्रे तपासणे आणि ग्राहक किती जोखीम घेऊ शकतो हे ठरवणारी जोखमीची प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेणे, एवढेच माझे काम आहे. ही प्रश्नावली मात्र दिसते तितकी साधी नाही. समृद्धी महामार्गात जमीन गेलेले शेतकरी मोबदल्याची रक्कम घेऊन येतात, आणि ‘गुंतवणूक २० टक्क्यांनी घटली तर आपण काय कराल?’ या प्रश्नावर, एकाच पावसाळ्यात अख्खे सोयाबीन गमावलेली ही माणसे शांतपणे ‘थांबू की’ असे उत्तर देतात. कागदावर ती धाडसी गुंतवणूकदार ठरतात. प्रत्यक्षात त्यातील बरीच रक्कम मुलाच्या लातूरमधील शिकवणीसाठी पुढच्याच वर्षी लागणार असते, आणि अशी रक्कम समभागांच्या फंडात घालणे मला अयोग्य वाटते. सगळे पैसे मुदत ठेवीतच ठेवू म्हणणाऱ्यांना, एका बँकेतील सगळ्या ठेवी मिळून प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच विमा असतो, हे मी आवर्जून सांगतो. विक्रीच्या उद्दिष्टांच्या धांदलीत (मार्चमध्ये तर विचारूच नये) नेमके तेच सांगायचे राहून जाते.