शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बसचे इंजिन

शाळा सुटण्याच्या वेळी पुण्यातील एखाद्या मोठ्या शाळेबाहेर थांबले, की रांगेने उभ्या असलेल्या बसगाड्यांपैकी अनेकींची इंजिने चालूच असल्याचे ऐकू येते. मुले यायला अजून पंधरा-वीस मिनिटे असतात, गाडी जागची हलणार नसते आणि तरीही डिझेल जळत राहते. शहराच्या हवेचे बहुतेक प्रश्न पालकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. हा एक मात्र आवाक्यातला आहे, कारण तो सोडवण्यासाठी नवी गाडी घ्यावी लागत नाही आणि अनुदानाची वाटही पाहावी लागत नाही.

डिझेलचा धूर माणसाला कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले. मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात, वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात आणि लहान वर्गातल्या मुलांचे नाक धुराच्या नळीपासून फारसे उंचही नसते. त्यात गाड्या एकीमागे एक अशा खेटून उभ्या असतात, त्यामुळे पुढच्या गाडीचा धूर मागच्या गाडीच्या उघड्या दारातून आत शिरतो आणि मुले नंतर त्याच हवेत बसून घरी जातात. हिवाळ्यातल्या सकाळी थंड हवा जमिनीलगत साचून राहते, तेव्हा हा धूर वर जाऊन विरतही नाही.

गाडी भारत स्टेज सहा मानकाची असली म्हणजे चिंता मिटली, असे काही पालक मानतात. एप्रिल 2020 पासून आलेल्या या गाड्या निश्चितच अधिक स्वच्छ आहेत. पण त्यांच्यातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा नीट चालण्यासाठी धूर साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असावा लागतो आणि बराच वेळ नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर तेवढा तापत नाही. शिवाय काजळी अडवणारी गाळणीही अशाने लवकर भरते. पीयूसीच्या चाचणीत डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. ती गाडी रोज किती वेळ उभ्या-उभ्या धूर सोडते, याची नोंद त्या कागदावर नसते.

चालकांशी बोलले, की त्यांची कारणे कळतात आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. बॅटरी जुनी असेल तर पुन्हा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होईल की नाही, याची त्यांना धास्ती असते. मुले बसण्यापूर्वी गाडी थंड असावी, असा पालकांचाच आग्रह असतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसून राहणे कठीण असते आणि रांग पुढे सरकली की लगेच गाडी हलवावी लागते. टर्बोचे इंजिन लगेच बंद करू नये, हेही खरे आहे, परंतु त्याला थंड व्हायला मिनिटभर पुरते. म्हणून चालकाला दटावण्यापेक्षा बॅटरी वेळेवर बदलणे, त्याला सावलीत बसायला जागा देणे आणि गाड्यांना फाटकाशी येण्याची वेळ ठरवून देणे, हे शाळेचे व कंत्राटदाराचे काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

कॅलिफोर्नियात 2003 पासून नियम आहे, की शाळेपासून 100 फुटांच्या आत आलेल्या बसने थांबताच इंजिन बंद करायचे आणि निघण्याआधी 30 सेकंदांपेक्षा लवकर ते सुरू करायचे नाही. न्यूयॉर्क शहरात इतरत्र 3 मिनिटांची मुभा असली, तरी शाळेलगत 1 मिनिटाचीच आहे.

पैशांचा हिशेबही साधा आहे. अमेरिकेतील मोठी स्कूल बस उभ्या-उभ्या तासाला सुमारे 2 लिटर डिझेल पिते. आपल्याकडच्या लहान इंजिनासाठी त्याच्या निम्मे धरले आणि सकाळ-दुपार मिळून 40 मिनिटे मोजली, तर शाळेच्या 200 दिवसांत एका बसचे सुमारे 133 लिटर जळते. लिटरला 90 रुपये धरल्यास ही रक्कम 12,000 रुपयांच्या घरात जाते आणि हवेत साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. एसी चालू असेल तर दोन्ही आकडे वाढतात. वीस गाड्या असलेल्या शाळेने ही बेरीज स्वतः करून पाहावी. बसचे भाडे वाढवण्याची चर्चा दरवर्षी होते, त्या चर्चेत हा खर्च कधी निघत नाही, याचे मला वाईट वाटते.

महाराष्ट्रात 2011 च्या स्कूल बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. बैठकीत वेग, महिला मदतनीस, अग्निशामक यांविषयी बोलले जाते, आणि ते आवश्यकच आहे. त्याच विषयपत्रिकेवर उभ्या गाडीचे इंजिन हा मुद्दा घेता येईल. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी कंत्राटदाराशी करार होतो. त्यात थांबल्यावर मिनिटभरात इंजिन बंद करण्याची अट घालावी, उन्हाळ्यात एसीसाठी निघण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे सोडावीत आणि वाचलेल्या डिझेलच्या पैशातला काही भाग चालकांना मिळावा, अशी मागणी पालक प्रतिनिधींनी याच वर्षी लेखी स्वरूपात करावी.