खळाळाशेजारची हाक

बेडकाच्या आवाजासाठी मराठीने ‘डराव’ हा एकच शब्द करून ठेवला आहे आणि तो डबक्यातल्या बेडकाचा आहे. डबक्याचे पाणी गप्प असते. तिथे ओरडणाऱ्याला स्पर्धा फक्त भाऊबंदांची. उष्ण कटिबंधातल्या जंगलात, दगडांवरून कोसळणाऱ्या ओढ्याकाठी राहणाऱ्या बेडकाची अडचण निराळी आहे. त्याच्या शेजारी पाणी अहोरात्र बोलत असते आणि त्या आवाजाचा बहुतेक जोर खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे खर्जात लावलेला सूर तिथे सरळ बुडून जातो. म्हणूनच ओढ्यावरचे बरेच बेडूक पट्टी चढवून, तोकड्या, शिट्टीसारख्या स्वरात हाक देतात आणि ऐकणारा झाडावर पक्षी शोधत राहतो.

मला नवल वाटते ते या हाकांच्या नकाशाचे. ओढ्याचा बेडूक सहसा आपला डोंगर ओलांडत नाही, त्यामुळे एकेका जातीचा मुलूख चिमुकला असतो. मायक्रिक्सॅलस हे कुळ फक्त पश्चिम घाटात सापडते आणि २०१४ मध्ये त्यातल्या १४ नव्या जातींची एकदम नोंद झाली. स्टॉरॉइस बोर्निओ आणि फिलिपिन्सकडचा, हायलोडिस ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या जंगलातला. या तिघांत जवळचे नाते नाही, मध्ये समुद्र पसरलेले आहेत. तरीही तिघांचे नर आधी हाक देतात आणि मग मागचा पाय लांबवून, बोटांमधला पडदा उघडून प्रतिस्पर्ध्याला दाखवतात. आवाज कमी पडतो तिथे पाय बोलतो, हे प्रत्येकाने आपापल्या ओढ्यावर स्वतंत्रपणे शोधून काढले. नात्यापेक्षा शेजार अधिक शिकवतो, असे मला त्यामुळे वाटू लागले आहे.

अर्थात शेजारही सगळ्यांना एकच धडा देत नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ॲटेलोपसच्या अनेक जातींना कानाचा पडदाच नसतो, तरी ते हाका मारतात. पनामाचा सोनेरी बेडूक तर पुढचा पाय हलवून चक्क हात केल्यासारखे करतो. कॅमेरून आणि विषुववृत्तीय गिनीतला गोलिएथ बेडूक तीन किलोच्या पुढे जातो, पण त्याला गळ्याची पिशवी नसते आणि एवढा देह घेऊन तो शिट्टी घालतो. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या जातीत, ओढ्यावर झुकलेल्या पानांवर जिची अंडी असतात, मादीही हाक देते. बेडकांत ही गोष्ट विरळाच.

पट्टी चढवण्याची हद्द गाठली आहे ती बोर्निओच्या हुइया कॅव्हिटिम्पॅनम या बेडकाने. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. या बेडकाच्या काही हाका मात्र संपूर्णपणे त्या मर्यादेच्या वर असतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच्या कानाचा पडदा इतर बेडकांसारखा कातडीच्या पातळीवर नसून आत, खळग्यात बसवलेला असतो आणि त्याला ३८ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज पोहोचतात. पाण्याचा गोंगाट तिथवर क्षीण होऊन गेलेला असतो. नर हाक देतो, दुसऱ्या दगडावरचा नर ती ऐकतो आणि हातभर अंतरावर कान देऊन बसलेल्या माणसाला ओढाच तेवढा ऐकू येतो.