निवेदन घेऊन मुंबईला: कोल्हापूरच्या ग्रंथपालांची एक दिवसाची फेरी

रात्री कोल्हापूरहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि सरकारी कार्यालयं पावणेदहाला उघडतात. मधल्या वेळात अंघोळ-चहा उरकून प्रतीक्षालयातच कागद पुन्हा लावले, ते फार बरं झालं. सार्वजनिक ग्रंथालयांचं सरकारी अनुदान वाढवावं, या मागणीच्या निवेदनाच्या एका प्रतीला तालुक्याचा तक्ताच जोडलेला नव्हता. सहपत्रं अपुरी राहिली की पत्र नाकारलं जात नाही. ते आवक होतं, टेबलावर पोहोचतं आणि महिन्याभराने ‘माहिती सादर करावी’ असं उत्तर घरी येतं. तेवढा महिना वाया जातो.

फेरी सप्टेंबरमध्ये ठेवली होती, ती विचार करून. पुढच्या वर्षाचे अर्थसंकल्पीय अंदाज विभागांकडून साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार होतात. मार्चमध्ये अधिवेशन भरात असताना आझाद मैदानावर गर्दी जमवली तर बातमी येते, पण तोवर आकडे ठरून गेलेले असतात. मागणी पैशांची असेल तर अंदाज तयार होण्याआधी जा. ती वेळ हुकलीच, तर पुरवणी मागण्यांसाठी, म्हणजे वर्षाच्या मध्येच अधिवेशनात मंजूर होणाऱ्या जादा खर्चासाठी, आमदारांमार्फत प्रयत्न करता येतो. पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात, हे धरून तारखा आखा.

पैशांसाठी दरवेळी दारात का जावं लागतं, याचं मूळ कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठी वेगळा वसूल होणारा कर, नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळमध्ये उपकर आहे, गोव्याच्या कायद्यातही आहे. आपल्याकडे सगळी मदार राज्याच्या अर्थसंकल्पावर. ज्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला, ज्या शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथून हे सांगायला जावं लागतं याचं वाईट वाटतं. पण जावं तर लागतंच.

माणसं सहाच असावीत. जास्त झाली की अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये निम्मी उभी राहतात आणि बोलणं विस्कटतं. निवड करताना शासनाने ग्रंथालयांना दिलेल्या अ, ब, क, ड या चारही वर्गांतलं किमान एकेक ग्रंथालय घ्या. सगळे ‘अ’ वर्गाचे गेले तर खेड्यातल्या ‘ड’ वर्गाचं दुखणं कुणी मांडत नाही. शिवाय ग्रंथपालांबरोबर संस्थेचे एक-दोन पदाधिकारी हवेतच. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती हव्यात, संस्थेच्या कार्यकारी मंडळाला इमारत, कपाटं आणि वेळेवर अनुदानाचा हप्ता हवा. दोघांनी वेगवेगळी निवेदनं दिली की समोरचा माणूस सहज म्हणतो, ‘आधी तुमच्यात एकवाक्यता करा.’ हा वाद गाडीत नव्हे, निघण्यापूर्वी गावातच मिटवा.

सही करणारे पदाधिकारी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आहेत ना, हेही पाहून घ्या. निवडणूक झाली पण पदाधिकारी बदलल्याचा अर्ज तिथे मंजूर नाही, अशा संस्था पुष्कळ आहेत. अशी सही पुढे नेमकी अडचणीच्या वेळी बाहेर निघते.

निवेदन दोन पानांचं, मागण्या तीनच. अकरा मागण्या असलेल्या कागदातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि महत्त्वाची मागे राहते. पहिल्या पानावर हिशोब हवा, भावना नको. असा हिशोब मांडून दाखवा: समजा एखाद्या ग्रंथालयाला वर्षाला ४८,००० रुपये परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचं सरकारी अनुदान, आहे. निम्मं वेतनावर, म्हणजे २४,०००. महिन्याला २,००० रुपये. दिवसाला ६७ सुद्धा पडत नाहीत. आणि अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के असल्याने पूर्ण रक्कम पदरात पाडायला संस्थेला सुमारे ५३,३०० रुपये खर्च दाखवावा लागतो, वरचे ५,३०० वर्गणी-देणगीतून उभे करायचे. चार ओळींचा हा तक्ता वाचायला अर्धं मिनिट लागतं. वाचणारा ‘दिवसाला किती?’ इथे थांबतोच. त्याखाली तालुकावार ग्रंथालयांची संख्या, वर्ग, सभासद, वर्षभरातली ग्रंथ देवघेव आणि लेखापरीक्षित खर्च. आकडे वार्षिक अहवालातलेच घ्या. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे दिलेल्या अहवालाशी ते जुळले नाहीत तर सगळं निवेदन संशयात येतं. वेतनाच्या मागणीला ग्रंथालयांच्या प्रश्नांवर शासनाने नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचा उल्लेख जोडा, पण नुसतं नाव नको. कोणती शिफारस ते एका वाक्यात लिहा.

पहिला मुक्काम ग्रंथालय संचालनालय. ते फोर्टमध्ये नगर भवनात, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्याच खांबांच्या इमारतीत आहे. सीएसएमटीवरून चालत पंधरा-वीस मिनिटं. समोरच्या उंच पायऱ्या दमवतात, तेव्हा बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर टॅक्सीने जाऊन त्यांना सावकाश चढू द्या. जाण्याआधी आठवडाभर भेटीची वेळ लेखी मागून ठेवावी. इथे काय मागायचं ते नीट ठरवा. अनुदानाचे दर वाढवणं संचालनालयाच्या हातात नाही. प्रस्ताव तयार करून, आपला अभिप्राय जोडून तो मंत्रालयातल्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे पाठवणं मात्र त्यांच्याच हातात आहे. म्हणून ‘अनुदान वाढवा’ असं न म्हणता ‘दरवाढीचा प्रस्ताव अभिप्रायासह शासनास सादर करावा’ असं लिहावं. एखाद्याच ग्रंथालयाचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचं अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) किंवा लेखापरीक्षणाअभावी अडकला असेल तर तो विषय इथे काढू नका. तो जिल्हा कार्यालयातच सुटतो, आणि त्यात सर्वांचा वेळ जातो.

निघताना पोच घ्या. पोच म्हणजे नुसता गोल शिक्का नव्हे, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी. आमच्या प्रतीवर शिक्का उमटला पण क्रमांक लिहायचा राहिला होता. खिडकीकडे मागे वळून तो लिहून घ्यायला दोन मिनिटं लागली. कोल्हापूरहून फोन करून तोच क्रमांक मिळवायला दोन आठवडे गेले असते.

दुपारी मंत्रालय. सामान्य अभ्यागतांना प्रवेश दुपारी दोननंतर मिळतो आणि त्यासाठी ‘डिजी प्रवेश’ ॲपवर नोंदणी लागते. आधार जोडणं, चेहऱ्याचा फोटो हे सगळं गावातूनच, चांगल्या नेटवर्कवर करून या. गेटवर सहा जणांची नोंदणी करायला गेलात तर तास जातो. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकी आहे, पण रांग मोठी असते. दहा हजारांपेक्षा जास्त रोख आत नेता येत नाही, म्हणून गटाच्या खर्चाची रक्कम एकाच्या खिशात ठेवू नका. पास विशिष्ट विभागाचा असतो. ‘उच्च व तंत्र शिक्षण’ असंच नमूद करा. मंत्रिमंडळ बैठकीच्या दिवशी, म्हणजे बहुधा मंगळवारी, मंत्री इमारतीत असतात खरे, पण भेट हाती लागणं कठीण. कक्ष अधिकाऱ्यांना गाठायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस बरा.

आणि कक्ष अधिकाऱ्यांनाच गाठायचं. मंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, फाईल मात्र सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून चालायला लागते: तिथून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि पैशांचा विषय असल्याने वित्त विभाग. अनुदानाचा कुठलाही जुना शासन निर्णय उघडा, शेवटी वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि तारीख दिसेल. ती त्या विभागाच्या संमतीची खूण. तो क्रमांक मिळाल्याशिवाय निर्णय निघत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: प्रस्ताव वित्त विभागाकडे गेला का, आणि शेरा काय आला? ई-ऑफिसमधला, म्हणजे संगणकावरच्या फाईल व्यवस्थेतला, फाईल क्रमांकही विचारून वहीत उतरवा.

धरणं धरायचं असेल तर ते याच दिवशी नको. आझाद मैदानावर पोलिसांची पूर्वपरवानगी लागते आणि बसण्याची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. परवानगीच्या धावपळीतच दिवस संपतो.

परत आल्यावर तीन दिवसांत आमदारांना प्रत द्या, तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचा, मसुदा सोबत लिहूनच द्या. नुसतं ‘आवाज उठवा’ म्हटलं की ते राहून जातं. महिन्याभराने फोन, दोन महिन्यांनी स्मरणपत्र, त्यावर आधीचा आवक क्रमांक. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, आणि मागायचं काय तर ‘सदर नस्तीवरील टिप्पणीच्या छायांकित प्रती’ (नस्ती म्हणजे फाईल, टिप्पणी म्हणजे तिच्यावर अधिकाऱ्यांनी लिहिलेली नोंद). ‘काय कार्यवाही केली’ असं विचारलं तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. टिप्पणीची प्रत आली की फाईल कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्याने थांबली ते कळतं. पुढच्या फेरीत कुणाला भेटायचं, ते त्याच कागदावरून ठरवा.