शेवाळाचं दोहन: तिसरी फेरी, यावेळी डोडेकेन

दोहन म्हणजे शेवाळ जिवंत ठेवून द्रावकाने त्याचं तेल काढून घेणं. आधीच्या दोन फेऱ्या हेक्सेन या द्रावकाच्या होत्या. पहिल्या वेळी उत्साहात अर्धा तास ढवळलं आणि दोन दिवसांत सगळ्या वसाहती फिकट करड्या झाल्या. थोडक्यात, गायच मारली. दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत आवरलं. हिरवा रंग टिकला, पण पुढचे दहा दिवस वाढ ठप्प.

नव्याने येणाऱ्यांसाठी: माझ्याकडे आहे बोट्रिओकोकस ब्राउनी, 'बी' प्रकारातलं, म्हणजे बोट्रिओकोकीन नावाचं हायड्रोकार्बन तेल बनवणारं. याचं बहुतेक तेल पेशीच्या आत नसतं, पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या चिकट आवरणात साठलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली कव्हरस्लिप (वरची पातळ काच) हलकेच दाबली की वसाहतीच्या कडेने थेंब पाझरताना दिसतात. (हे एकदा तरी करून बघाच.) क्लोरेला या दुसऱ्या शेवाळावर हा खटाटोप करू नका, तिथे तेलाचे थेंब पेशीच्या पोटात असतात.

डोडेकेनच का, तर लॉग पी, म्हणजे द्रावकाचा ओढा पाण्यापेक्षा तेलाकडे किती हे सांगणारा आकडा. हेक्सेनचा 4 च्या आसपास, डोडेकेनचा 6 च्या वर. आकडा जितका मोठा तितकं द्रावक पाण्यात कमी उतरतं आणि पेशीच्या पटलापर्यंत कमी पोचतं. शिवाय हेक्सेनसारखा भडका उडायची धास्ती बरीच कमी.

या फेरीच्या पहिल्या प्रयत्नात द्रावक थेट फ्लास्कमध्ये ओतून हलवलं. मधे दह्यासारखा पांढरट थर बसला, तो रात्रभर फुटेना. वसाहतींभोवती पाणी आणि बुळबुळीत शर्करेचा लेप असताना तेलापर्यंत द्रावक जाणार कसं? मग नायलॉनच्या जाळीवर गाळून, खालून टिपकागदाने पाणी टिपून, ओलसर लगदाच डोडेकेनमध्ये सोडला. वीस मिनिटं, अगदी संथ हलवत. परत गाळलं, ताज्या चू-13 माध्यमात टाकलं.

डोडेकेन छान केशरी झालं आणि मी खूश. तासाभराने डोकं ठिकाणावर आलं: रंग म्हणजे तेल नव्हे. याच आवरणात कॅरोटिनॉइडही असतात, तेही द्रावकात उतरतात. वजन करायचं तर डोडेकेन उडवावं लागेल आणि ते उकळतं 216 अंशांना. हेक्सेन 69 लाच उडून जायचं, ती चैन संपली. सध्या नाइल रेडवर, म्हणजे तेलात चमकणाऱ्या रंगावर, भागवतोय. दोहनाआधी वसाहतीभोवती सोनेरी कडं ठळक दिसत होतं, नंतर विरळ झालं. केंद्रातल्या पेशींभोवती मात्र जवळपास तसंच.

आज नववा दिवस. हिरवेपणा शाबूत, वाढ रडतखडत. हे शेवाळ मुळातच दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतं, पण दुभत्या गाईच्या लाथा गोड.

एक चूक कबूल करतो. नुसतं गाळून, टिपून, द्रावक न लावता परत सोडलेला फ्लास्क मी ठेवलाच नव्हता. वाढ मंदावली ती डोडेकेनमुळे की जाळीवर घासल्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. तो फ्लास्क आज सकाळी लावला. पुढची फेरी हेप्टेनची, पण याचा निकाल हाती आल्यावरच.