बुटक्या गाडीसाठी जॅक स्टँड

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. नुसता हात घालायचा असला तरी नको. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरून ठेवायचं काम जॅक स्टँडचं, म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या चार पायांच्या लोखंडी घोडीचं. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर आणि ते तेल अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. ते सील कधी दम सोडेल, बाहेरून कळत नाही. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जातो, धूळ तर बारमाही, त्यामुळे तेल पाझरणारे जॅक मी गॅरेजागणिक पाहिलेत. डिकीतला कात्री जॅक फक्त पंक्चरचं चाक बदलण्यापुरता.

माझी गाडी जुनी होंडा सिव्हिक, 2006 ला भारतात आली ती पिढी. ज्यांनी चालवली त्यांना सांगायला नको, आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर ही पोट घासतच उतरते. तेल बदलणं, ब्रेक पॅड, खालच्या सांध्यांतली रबरी बुशं ही कामं मी घरीच करते. म्हणून ओळखीचे लोक विचारतात, ताई, स्टँड कोणता घेऊ? आणि जवळजवळ प्रत्येकाचा दुसरा प्रश्न असतो, किती टनाचा?

टनांचा प्रश्न लवकर मिटतो. अशी गाडी सव्वा-दीड टनाची, तीही पूर्ण कधीच स्टँडवर नसते. पुढचा भाग उचलला तर मागची चाकं जमिनीवर असतात. तीन टनाची जोडी पुष्कळ झाली. एवढंच बघा की डब्यावर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची. काही ठिकाणी जोडीची लिहितात.

बुटक्या गाडीला खरी अडचण उंचीची. मोठा तेवढा मजबूत असं समजून लोक सहा टनाचे स्टँड आणतात. ते पूर्ण खाली बसवले तरी साधारण 38 ते 40 सेंटीमीटर उंच असतात. आपल्या गाडीची दाराखालची कड जमिनीपासून वीसेक सेंटीमीटरवर. म्हणजे स्टँड आत सरकवायलाच गाडी जवळपास वीस सेंटीमीटर उचलायची, आणि लहान ट्रॉली जॅकची, म्हणजे चाकांवर सरकवायच्या हायड्रॉलिक जॅकची, उचल तोवर संपते. मग जॅकखाली ठोकळे, ठोकळ्यांवर ठोकळे, आणि नेमका तिथं घात होतो. दोन-तीन टनाचे स्टँड 27 ते 29 सेंटीमीटरपर्यंत खाली बसतात. दुकानात पट्टी घेऊन जा आणि सर्वांत खालची उंची स्वतः मोजा. वरच्या उंचीकडे लक्षच देऊ नका. स्टँड वर-खाली करायच्या दात्यांपैकी खालच्या दोन-तीनवरच तुमचं काम होणार आहे, आणि मधला सरकता दांडा जितका आत तितका स्टँड घट्ट.

जॅकचंही तसंच. साधा ट्रॉली जॅक सर्वांत खाली 13-14 सेंटीमीटरवर असतो. बंपरखालून आत घालून मधल्या क्रॉस मेंबरपर्यंत, म्हणजे गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीपर्यंत, न्यायचा तर तो अडतो. कमी उंचीचे जॅक आठ-नऊ सेंटीमीटरवर बसतात, ते मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर पुढची चाकं आधी फळ्यांवर चढवायची. माझ्या फळ्या बाभळीच्या आहेत, बैलगाडीच्या कामातलं जुनं लाकूड. चीर गेलेली फळी मात्र वापरत नाही.

मधून उचलण्यामागं कारण आहे. दाराखाली प्रत्येक चाकाजवळ कंपनीनं दिलेली जागा एकच, आणि जॅकलाही तीच हवी, स्टँडलाही तीच. जॅक मध्ये लागला तर दोन्ही बाजूंच्या जागा स्टँडला मोकळ्या राहतात. जागा कुठली ते गाडीच्या पुस्तकात बघा. इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे तेलाच्या भांड्याला, जॅक लावू नका, तो पत्रा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, एका झटक्यात जातो.

दाराखालची कड म्हणजे दोन पत्रे दुमडून जोडलेली उभी पट्टी. स्टँडचं डोकं लोखंडी. त्यावर ती तशीच टेकवली की वाकते, गंजाला तिथून वाट मिळते, आणि वाकताना गाडी एखादा सेंटीमीटर खाली सरकते. मध्ये खाच असलेलं कडक रबर डोक्यावर ठेवलं की पट्टी खाचेत बसते आणि भार आजूबाजूच्या पत्र्यावर जातो. असं रबर तयार मिळतं. ते स्टँडच्या डोक्यात नीट बसतंय का, तेवढं बघून घ्या. घसरणारं रबर नसलेलं बरं.

आता दात्यांचं. स्टँडच्या दांड्याला दाते असतात, आत एक जीभ त्यात अडकते. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकान-साखळीला असे 17 लाखांच्या आसपास स्टँड परत मागवावे लागले, कारण बनवण्याचे साचे झिजल्यानं जीभ दात्यात पुरेशी खोल बसत नव्हती. बदली दिलेल्या स्टँडांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही खोट निघाली. म्हणून मी आरपार जाणारी जादा पिन असलेलेच स्टँड घेतले. नुसत्या पिनेचेही चांगले, फक्त त्यांची भोकं लांब लांब असतात, हवी ती उंची मिळेलच असं नाही.

मोंढ्याजवळच्या दुकानात मी खोकी उघडायला लावली. चारी पायांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. वेल्डिंगची रेघ अखंड हवी, मधेच तुटलेली, फुगलेली, भोकं पडलेली नको. मग दांडा वर काढून हलवला, थोडा खेळ असतोच, पण डोकं लुळं पडता कामा नये. शेवटी दांडा प्रत्येक दात्यावर अडकवून वरून जोर दिला. एका खोक्यातली जीभ दोनदा अर्धवट अडकली. दुकानदार म्हणाले, "ताई, तेल सोडा, बसती बरोबर." मी दुसरं खोकं मागितलं आणि त्यांनी दिलं.

आणि जमीन. मराठवाड्यात याच्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलते. आपल्या अंगणात, पोर्चमध्ये शहाबादी फरशी. खाली मुरूम दाबलेला, वर फरशी, आणि कुठं कुठं खाली पोकळी राहिलेली. स्टँडचे चार पाय म्हणजे चार टोकं, त्यावर तीनशे किलोच्या वर भार. फरशी ठोकून बघा, भद्द आवाज आला तर तिथं स्टँड नको. काळ्या मातीवर तर नकोच: पावसाळ्यात पाय रुततात, उन्हाळ्यात भेगा. मी पोर्चमधल्या फरश्या काढून तेवढ्या जागेत काँक्रीटचा कोबा करून घेतला. ते जमत नसेल तर पायांखाली जाड प्लायवूडचा अखंड तुकडा टाका, पण टणक, सपाट जमिनीवरच.

शेजारचे मामा तेव्हा म्हणाले होते, "कामून येवढा खर्च करायलात? दोन इटा लावा की." मामांनी आयुष्यभर ट्रॅक्टर दगडांवर चढवलेत, त्यांच्या मनात माया आहे हे मला कळतं. तरी विटेबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. वीट वाकत नाही, ताणत नाही, एकदम फुटते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तसाच.

उचलताना एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं उचलली की त्याचा उपयोग संपला. सिव्हिकसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर पुढची चाकं धरतो, ती उचलली की गिअर संपला. म्हणून जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. गाडी स्टँडवर टेकली की जॅक हलकासा लागून तिथंच ठेवायचा, काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवायचं, मग बंपरला धरून गाडी हलवून बघायची. हलली तर पुन्हा वर घेऊन स्टँड बसवायचे. त्याशिवाय खाली जायचं नाही.

पावसाळा संपला की जीभ आणि दाते घासून पुसून ठेवते, गंज नुसता दिसला तरी. पाय वाकलेला स्टँड वेल्डरकडून सरळ करून घेऊ नका. भंगारात द्या, आणि द्यायच्या आधी कटरनं दांडा कापा, नाहीतर तो परत कुणाच्या तरी गाडीखाली जाईल.